प्रतिपिंड बसवण्यासाठी इपॉक्सी-सायलेनच्या तयार काचपट्ट्या: वर्षभराच्या वापरानंतरचे मत

काचेवर प्रतिपिंड पक्के बसवायचे, तर काच आणि प्रथिन यांच्यामध्ये सायलेनचा, म्हणजे एका टोकाने काचेला आणि दुसऱ्याने प्रथिनाला धरणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाचा, थर लागतो. तो थर प्रयोगशाळेत स्वतः द्यायचा की थर दिलेल्या पट्ट्या विकत घ्यायच्या, हा निर्णय आमच्या गटाने बरीच वर्षे टाळला होता, कारण सायलेनची बाटली कपाटात होतीच आणि हातही बसलेला होता. मग एकाच प्रतिपिंडावरच्या लागोपाठच्या तीन प्रयोगांत तीन वेगळी उत्तरे आली, आणि दोष प्रतिपिंडात नसून आम्हीच दिलेल्या थरात आहे, हे कळायला बराच काळ गेला. त्यानंतर आम्ही इपॉक्सी-सायलेनचा थर दिलेल्या तयार काचपट्ट्या आणल्या आणि वर्षभर प्रामुख्याने त्यांवरच काम केले. हे परीक्षण त्या पट्ट्यांचे आहे. पण ज्या हातच्या पद्धतीशी त्यांची तुलना करायची, ती समजल्याशिवाय पट्टीचे मोल कळत नाही, म्हणून तिच्याबद्दलही येथे सविस्तर लिहिले आहे. मत आधीच नोंदवून ठेवलेले बरे: पट्टी चांगली आहे, तिच्यासोबत येणारे माहितीपत्रक चांगले नाही, आणि जो केवळ पत्रकावर विसंबून राहील, त्याला ही पट्टी सामान्यच वाटेल.

डब्यात २५ पट्ट्या येतात, पाच-पाचच्या पाकिटांत, आणि प्रत्येक पाकीट धातूच्या पन्नीचे असून आत ओलावा शोषणारी पुडी असते. पट्टीचे माप नेहमीचेच, म्हणजे २५ गुणिले ७५ मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर. थर डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसू नये हीच त्याच्या चांगलेपणाची पहिली खूण आहे. हातच्या पट्टीवर तिरक्या उजेडात पांढुरकी झाक दिसली, की सायलेनचे रेणू काचेला लागण्याऐवजी एकमेकांनाच लागून त्यांच्या गुठळ्या झाल्या, असे समजावे. वर्षभरात या पट्ट्यांवर अशी झाक आम्हाला एकदाही दिसली नाही.

काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना सायलॅनॉल म्हणतात. पूर्णपणे जलयुक्त सिलिकावर त्यांची संख्या दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ५ असते. सायलेनच्या रेणूला एका टोकाला मिथॉक्सी किंवा इथॉक्सी गट असतात. पाण्याशी संयोग झाला की ते मिथेनॉल किंवा इथेनॉलच्या रूपाने निघून जातात, त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल येतात, आणि हे हायड्रॉक्सिल काचेवरच्या सायलॅनॉलशी आधी हायड्रोजन बंधांनी आणि मग उष्णतेने पाणी निघून गेल्यावर सायलॉक्सेन बंधांनी जोडले जातात. दुसऱ्या टोकाला प्रथिनाशी जुळणारा गट असतो. तो कधी अमाइन, कधी थायॉल, कधी अल्डिहाइड असतो. या पट्ट्यांवर तो इपॉक्सी, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजन अणूचे सहज उघडणारे वलय, आहे. कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात सगळा खेळ पाण्याचा आहे. ते अगदीच नसेल तर अभिक्रिया सुरू होत नाही आणि थोडे जास्त झाले तर सायलेनचे बहुवारिक होऊन द्रावणातच जाळे विणले जाते. त्यामुळे पावसाळी हवेत आणि कोरड्या हवेत, त्याच हाताने आणि त्याच बाटलीतून दिलेले थर सारखे निघत नाहीत.

स्वतः थर देण्याची रीत अनेकांना ठाऊक असते, तरी तिच्यातील श्रम मोजायला हवेत. काच आधी निर्मळ करावी लागते. त्यासाठी प्राणवायूचा प्लाझ्मा, किंवा अतिनील प्रकाश आणि ओझोन, किंवा तीन भाग सल्फ्युरिक आम्ल आणि एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे ते जहाल मिश्रण वापरतात, ज्यात ॲसिटोनचा अंश गेला तरी स्फोट होऊ शकतो आणि जे झाकण घट्ट लावून कधीही ठेवायचे नसते. निर्मळ काचेवर पाण्याचा थेंब थेंब म्हणून उभाच राहत नाही, पसरतो. त्याचा स्पर्शकोन १० अंशांच्या आत येतो. त्यानंतर नेहमीच्या रीतीत ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के पाण्याच्या मिश्रणाचा सामू ॲसेटिक आम्लाने ४.५ ते ५.५ वर आणून त्यात २ टक्के सायलेन मिसळतात, पाचेक मिनिटे थांबतात, पट्ट्या दोन मिनिटे बुडवून इथेनॉलने धुतात आणि ११० अंश सेल्सिअसला पाच ते दहा मिनिटे भाजतात. यासाठी काचेचे भांडे वापरू नये, कारण सायलेन भांड्यालाही तितक्याच निष्ठेने चिकटते. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा टेफ्लॉनचे भांडे घ्यावे. इपॉक्सी सायलेनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हे आम्लयुक्त, ओलसर द्रावण फार वेळ ठेवले तर इपॉक्सीचे वलय काचेवर बसण्यापूर्वीच उघडते, म्हणून काळजीपूर्वक काम करणारे कोरड्या टोल्युइनकडे वळतात, आणि मग टोल्युइन खरोखर किती कोरडे आहे, ही नवी चिंता सुरू होते.

आमची जुनी पद्धत अमाइन सायलेनची, म्हणजे एपीटीईएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमिनोप्रोपिल-ट्रायइथॉक्सीसायलेनची होती. काचेवर आधी ते, त्यावर दोन्हीकडच्या अमाइनना जोडणारा दुवा म्हणून ग्लुटराल्डिहाइड, आणि त्यावर प्रतिपिंड. हे रसायन स्वस्त आहे, सहज मिळते आणि वेगाने काम करते, परंतु त्याचा वेग हाच त्याचा दोषही आहे. त्यातील अमाइन गट जलअपघटनाला स्वतःच गती देतो, म्हणून आम्लाची गरज पडत नाही. आणि थर तयार झाल्यावर तोच अमाइन आपल्याच मुळाशी वळून सायलॉक्सेन बंध तोडायलाही मदत करतो. कोमट पाण्यात किंवा बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, काही तास ठेवलेल्या पट्टीवरून हा थर हळूहळू सुटतो. प्रतिपिंड सायलेनला घट्ट धरून असते, पण सायलेनच काचेला धरून नसते, आणि धुताना सगळी जोडी निघून जाते. आमच्या तीन वेगळ्या उत्तरांचे मूळ येथे होते: धुण्याचा काळ आणि तापमान प्रत्येक वेळी थोडे वेगळे होते. त्यात ग्लुटराल्डिहाइडची भर. द्रावणात ते एकाच रूपात राहत नाही, बाटली जुनी होत जाते तशी त्याची लहानमोठी बहुवारिके बनतात, आणि ते स्वतःच थोडे प्रतिदीप्त असल्यामुळे हिरव्या रंगाच्या मापनात पार्श्वभूमी वाढते.

तयार इपॉक्सी पट्टीने या दोन्ही अडचणी दूर केल्या, आणि तिची शिफारस करण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे. तिच्या थरात मोकळा अमाइन नसल्यामुळे तो बफरमध्ये दीर्घकाळ टिकतो. मध्ये ग्लुटराल्डिहाइडसारखा दुवा लागत नाही. प्रथिनावरचे अमाइन आणि थायॉल गट इपॉक्सीचे वलय थेट उघडतात आणि जो सहसंयुजी बंध तयार होतो तो उलट फिरत नाही. एका पाकिटातील पाच पट्ट्यांवर एकच प्रतिपिंड, एकाच दिवशी, एकाच हाताने, ठिपक्याठिपक्यांनी बसवून आम्ही पाहिले, तेव्हा ठिपक्यांची तेजस्विता पट्टीच्या मध्यापासून कडेपर्यंत सारखी आली. हातच्या पट्ट्यांवर कडेला, जेथे द्रावण निथळताना साचते, तेथे नेहमी दाट पट्टा दिसत असे. मोजमापाच्या कामात हा सारखेपणा अधिक प्रतिपिंड बसण्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

आता माहितीपत्रकाकडे वळू. त्यात प्रतिपिंड ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये घेऊन पट्टीवर तासभर ठेवावे, असे लिहिले आहे. बहुतेक अपेक्षाभंग या एका वाक्यातून होतात. प्रतिपिंडावर जोडणीसाठी उपलब्ध असलेले बहुसंख्य अमाइन गट लायसिन या अमिनो आम्लाच्या शेपटीवर असतात आणि त्यांचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे गट विद्युत्भाराविना असतात तो आकडा, १०.५च्या आसपास असतो. म्हणजे ७.४ सामूला असे हजार गट घेतले तर त्यांतील एखादाच विद्युत्भाराविना, अभिक्रियेस मोकळा असतो, ८.५ला शंभरात एक, आणि ९ला शंभरात तीन. इपॉक्सी गट मुळातच सावकाश वागणारा आहे, त्यामुळे ७.४ सामू आणि एक तास हा हिशेब जुळत नाही. तरीही पत्रकाप्रमाणे केल्यास काही प्रतिपिंड बसतेच, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रथिन आधी पृष्ठभागावर नुसते चिकटते, चिकटल्यावर त्याचे गट आणि इपॉक्सी अगदी शेजारी येतात, आणि मग त्या जवळिकीमुळे बंध होण्याची शक्यता वाढते. ही दोन टप्प्यांची वाट ओळखून काम केले तर पट्टी आपले खरे रूप दाखवते. आम्ही बफरचा सामू ८.५ ठेवतो, त्यात क्षाराचे प्रमाण वाढवतो, कारण फॉस्फेट किंवा अमोनियम सल्फेट यांसारखे क्षार दाट असले की प्रथिन पृष्ठभागाकडे ढकलले जाते, आणि आर्द्र पेटीत रात्रभर थांबतो. अमोनियम सल्फेट वापरताना एवढे लक्षात ठेवावे की वाढत्या सामूला त्यातून अमोनिया सुटतो आणि तोही अमाइनसारखाच इपॉक्सीचे वलय उघडतो; म्हणून ८.५ सामूसाठी फॉस्फेट अधिक योग्य. पत्रकात यातले काहीही नाही.

पत्रकातील दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बाजारातून आलेले प्रतिपिंड कशात विरघळवलेले आहे, याची चौकशी करण्याची सूचना त्यात कोठेही नाही. बाटलीत प्रतिपिंडाशिवाय पुष्कळदा बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन किंवा जिलेटीन स्थैर्यासाठी घातलेले असते, आणि ते प्रतिपिंडापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असू शकते. इपॉक्सी गटाला लायसिन कोणाचे आहे हे कळत नाही. त्यामुळे पट्टी अल्ब्युमिनने भरून जाते, आणि संशोधक मात्र प्रतिपिंड बसले नाही म्हणून पट्टीला दोष देतो. ट्रिस बफरमध्ये अमाइन असतो, ग्लायसिनमध्ये असतो, आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून घातलेले सोडियम अझाइडही इपॉक्सीचे वलय उघडू शकते. हे सगळे डायलिसिसने किंवा लहान गाळणस्तंभाने आधी काढून टाकावे लागते; अल्ब्युमिन तर तेवढ्याने निघत नाही, त्यासाठी प्रतिपिंडाला धरणाऱ्या ‘प्रथिन जी’च्या स्तंभावर प्रतिपिंड शुद्ध करावे किंवा मुळात अल्ब्युमिनविरहित बाटली मागवावी. आमच्या परिचयातील एका गटाने अशाच कारणाने दोन पूर्ण डबे वाया घालवले. त्यांच्या पट्ट्यांत काहीच खोट नव्हती. एवढ्या महाग वस्तूबरोबर येणाऱ्या कागदावर याबद्दल दोन ओळी असायला हव्यात, आणि त्या नाहीत याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण अशा चुकीत वाया जाणारे प्रतिपिंड कधी कधी पुन्हा मिळवता येत नाही.

प्रतिपिंड किती लागते, याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडाचे वजन सुमारे १५० किलोडाल्टन असते, आणि त्याचा आकार ढोबळमानाने १४.५ गुणिले ८.५ गुणिले ४ नॅनोमीटर. त्याचा एकपदरी थर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० ते ५०० नॅनोग्रॅम भरतो. पट्टीच्या एका बाजूचे क्षेत्रफळ १८.७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे संपूर्ण बाजू झाकायलाही ४ ते ९ मायक्रोग्रॅम पुरतात. ज्यांना केवळ काही ठिपके हवे आहेत, त्यांना याचाही अगदी लहान अंश लागतो. अर्थात द्रावणातील सगळे प्रतिपिंड पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही, म्हणून काही पट जास्त घेणे योग्य. पण शंभर-शंभर मायक्रोग्रॅम ओतणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

याच गुणाकारातून विक्रेत्याच्या एका दाव्याचेही मोल ठरते. डब्यावर इपॉक्सी गटांची घनता अतिशय जास्त असल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. आडव्या पडलेल्या एका प्रतिपिंडाखाली सुमारे १२० चौरस नॅनोमीटर काच असते, म्हणजे मूळचे सुमारे ६०० सायलॅनॉल. त्यांपैकी दहांत एकावर जरी सायलेन लागले, तरी एका प्रतिपिंडासाठी ६० गट हजर आहेत, आणि त्याला धरून ठेवायला दोन-चार बंध पुरतात. गटांची घनता ही येथे क्वचितच अडचण असते. उलट एकच रेणू फार ठिकाणी बांधला गेला, तर तो पसरतो, त्याची घडी बिघडते, आणि प्रतिजन, म्हणजे ज्या रेणूला पकडण्यासाठी तो असतो तो, ओळखण्याची त्याची क्षमता कमी होते. विक्रेत्याने घनतेऐवजी एकसारखेपणाचा आकडा छापला असता तर तो अधिक उपयोगाचा ठरला असता, आणि या मालाच्या बाबतीत तो त्याच्या बाजूनेच बोलला असता.

म्हणूनच परीक्षा दोन वेगळ्या प्रश्नांची घ्यावी लागते: प्रतिपिंड बंधाने बसले आहे का, आणि बसलेले प्रतिपिंड काम करते का. पहिल्यासाठी आम्ही फ्लुओरेसंट रंग लावलेले प्रतिपिंड साध्या निर्मळ काचेवर, आमच्या जुन्या अमाइन पट्टीवर आणि या इपॉक्सी पट्टीवर बसवले, मोजले, आणि मग तिन्ही पट्ट्या १ टक्का एसडीएस या तीव्र अपमार्जकाच्या गरम द्रावणात धुऊन पुन्हा मोजल्या. नुसते चिकटलेले प्रथिन या धुण्यात निघून जाते. साध्या काचेवरचे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले, अमाइन पट्टीवरचे फिके आणि डागाळलेले उरले, इपॉक्सी पट्टीवरचे थोडे फिके पडले पण आकाराने आणि तेजाने सारखे राहिले. धुण्यापूर्वी मात्र तिन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्याच तेजस्वी होत्या. धुण्यापूर्वीचे चित्र पाहून जोडणी यशस्वी झाल्याचे जाहीर करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते. दुसऱ्या प्रश्नासाठी बिनरंगाचे प्रतिपिंड बसवून त्यावर रंगीत प्रतिजन सोडले. ही पट्टी एसडीएसने धुवायची नसते, कारण एसडीएस घडीही मोडतो. ट्वीन-२० हे सौम्य अपमार्जक पुरते. येथे इपॉक्सी पट्टीचे यश पहिल्या परीक्षेइतके लखलखीत नव्हते, आणि तो दोष तिच्या एकटीचा नाही.

प्रतिपिंडाच्या अंगावर लायसिन सर्वत्र विखुरलेले असतात, म्हणून लायसिनने बांधलेले प्रतिपिंड कोणत्याही कुशीवर पडते. काही उताणे, काही पालथे, आणि ज्यांचे प्रतिजन पकडणारे हात काचेकडे झाले, ते जागेवर असूनही निकामी. ज्यांना हे परवडत नाही, त्यांनी इपॉक्सी पट्टीवर आधी प्रथिन जी किंवा प्रथिन ए बसवावे आणि त्यावर प्रतिपिंड सोडावे. ही प्रथिने प्रतिपिंडाचा बुंधा, म्हणजे एफसी भाग, धरतात आणि हात मोकळे राहतात. उंदराच्या आयजीजी-१ उपवर्गाला प्रथिन ए नीट धरत नाही, तेव्हा तेथे प्रथिन जीच घ्यावे. आम्ही ही रीत वापरली, तेव्हा त्याच पट्टीवर प्रतिजनाचा संकेत डोळ्यांना जाणवेल इतका वाढला. एक पायरी वाढते, आणि प्रतिजनाच्या नमुन्यात रक्तद्रव असेल तर त्यातील प्रतिपिंडेही प्रथिन जीच्या रिकाम्या जागा शोधतात, एवढी जाणीव ठेवावी.

पर्यायांबद्दल थोडक्यात. सायलेनने काचेला प्रथिने बांधण्याची कल्पना जुनी आहे; १९६९मध्ये कॉर्निंगच्या प्रयोगशाळेतील हॉवर्ड वीटॉल यांनी ट्रिप्सिन आणि पपेन ही विकरे सच्छिद्र काचेवर सहसंयुजी बंधाने बसवल्याचे प्रसिद्ध केले होते. २०००मध्ये प्रथिनांच्या सूक्ष्म ठिपक्यांचे जे काम गाजले, त्यात अल्डिहाइडचा थर दिलेल्या पट्ट्या होत्या, आणि नॅनोलिटरभर थेंब वाळू नयेत म्हणून द्रावणात ४० टक्के ग्लिसरॉल घातलेले होते. अल्डिहाइड पट्टी इपॉक्सीपेक्षा वेगाने काम करते, परंतु तिच्यावर अमाइनशी होणारा शिफ बेस नावाचा बंध उलट फिरू शकतो. तो पक्का करायला सोडियम सायनोबोरोहायड्राइडने क्षपण करावे लागते, आणि ते विषारी असून आम्लाच्या संपर्कात हायड्रोजन सायनाइड सोडते. १९८९मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील गटाने थायॉल सायलेन आणि दोन टोकांना दोन वेगळे गट असलेला दुवा, अशी जी जोडी मांडली, ती आजही मला सर्वांत विचारपूर्वक रचलेली वाटते. मर्कॅप्टोप्रोपिल सायलेनच्या थायॉलला जीएमबीएस या दुव्याचे मॅलेइमाइड टोक लागते आणि दुसरे, सक्सिनिमाइड एस्टरचे टोक प्रतिपिंडाच्या अमाइनची वाट पाहते. दुव्याची दोन्ही टोके एकाच पृष्ठभागाला लागून वाया जाण्याचा ग्लुटराल्डिहाइडचा दोष येथे उरत नाही. हा एस्टर मात्र पाण्यात फार काळ टिकत नाही आणि सामू वाढेल तसा झपाट्याने मोडतो, म्हणून सगळे साहित्य हाताशी ठेवून न थांबता काम करावे लागते. प्रकाशतंतू, काचेच्या नळ्या, सूक्ष्म वाहिन्या, किंवा ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आवरणकाचा, म्हणजे जेथे तयार पट्टी उपयोगाचीच नाही, तेथे मी हीच वाट सुचवेन.

पुन्हा पट्टीकडे. प्रतिपिंड बसल्यावर उरलेले इपॉक्सी गट बंद करणे अनिवार्य आहे, कारण ते पुढे येणाऱ्या प्रतिजनालाही तितक्याच तत्परतेने पकडतील. आम्ही ५० मिलिमोलर इथेनॉलअमाइन, ९ सामूच्या जवळ, तासभर वापरतो आणि त्यानंतर १ टक्का अल्ब्युमिन किंवा केसीन. एकमेकांना घट्ट धरणाऱ्या बायोटिन-स्ट्रेप्टॲव्हिडिन या जोडीवर मापन असेल, तर दुधाची भुकटी टाळावी, तिच्यात बायोटिन असते. प्रतिजन अल्ब्युमिनला जोडून बनवलेले असेल, तर अल्ब्युमिनऐवजी केसीन घ्यावे. या बाबतीत पट्टीची एक गैरसोय आहे. थर दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागच्या बाजूला सांडलेले प्रतिपिंडही पक्के बसते, आणि स्कॅनरमध्ये त्याची धूसर छाया येते. काम करताना पट्टी सपाट पृष्ठभागावर न टेकवता दोन आधारांवर उचलून ठेवावी, आणि बंद करण्याच्या द्रावणात ती दोन्ही बाजूंनी पूर्ण बुडेल याची खात्री करावी.

वर्षभरातील एक डबा सदोष निघाला. त्यातील एका पाकिटाची शिवण कोपऱ्यात उघडी होती आणि आतल्या पुडीतील रंगदर्शक दाण्यांचा रंग पालटलेला होता. त्या पाच पट्ट्यांवर ठिपके जेमतेम उमटले, आणि एसडीएसनंतर काहीच उरले नाही. ओलाव्याने इपॉक्सीचे वलय उघडून त्याचे दोन हायड्रॉक्सिल झाले होते आणि त्यांना प्रथिनाशी काही देणेघेणे नसते. विक्रेत्याने डबा बदलून दिला, परंतु पाकिटावर थर दिल्याची तारीख छापावी ही आमची विनंती अद्याप मान्य झालेली नाही. केवळ वापराची अंतिम मुदत पुरेशी नाही, कारण इपॉक्सीचा थर मुदतीपर्यंत सारखा राहून त्या दिवशी अचानक संपत नाही, तो हळूहळू झिजतो, आणि दोन डब्यांची तुलना करणाऱ्याला तो किती जुना आहे हे कळण्याचा हक्क आहे.

ज्यांना महिन्यातून एखादी पट्टी लागते, त्यांना पाच पट्ट्यांचे पाकीट अडचणीचे होते, कारण पाकीट उघडल्यावर घड्याळ सुरू होते. आम्ही उरलेल्या पट्ट्या लगेच नायट्रोजन भरलेल्या कोरड्या पेटीत ठेवतो आणि दर वेळी एका कोपऱ्यावर पाण्याचा छोटा थेंब ठेवून त्याचा स्पर्शकोन नव्या पट्टीशी ताडून पाहतो. थेंब स्पष्टपणे अधिक पसरला, तर ती पट्टी मोजमापासाठी बाद. अशी पट्टी फेकू नये. सौम्य आम्लात गरम करून तिच्यावरचे उरलेसुरले इपॉक्सीही उघडून घ्यावे आणि प्रत्येक प्रयोगात ती नव्या पट्टीशेजारी ठेवावी, कारण तिची काच तीच आहे, सायलेन तेच आहे, फक्त बंध करणारा गट नाही. निव्वळ चिकटण्यामुळे किती प्रतिपिंड दिसते, हे जाणण्यासाठी साध्या काचेपेक्षा हे नियंत्रण कितीतरी प्रामाणिक आहे, आणि विक्रेत्याने अशी एक पट्टी प्रत्येक डब्यात स्वतःहून घातली, तर मी त्या डब्याला थोडी जास्त किंमतही आनंदाने देईन.